काओन ता

जहाजाच्या इंजिन रूममध्ये सगळे इंग्रजीच बोलतात. तेही तोडकं, कानांवर इअरमफ चढवून, अर्धं हातवाऱ्यांनी. कोण कुठल्या गावचा, कुठल्या भाषेतला, याचा पत्ता तिथे लागत नाही. तो लागतो कुणाला भाजलं की.

२०१६ ची गोष्ट. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलहून कोळसा भरून आम्ही जपानला चाललो होतो. मी सेकंड इंजिनिअर होतो. इंधनाचं तेल साफ होतं त्या प्युरिफायर रूममध्ये माझ्याबरोबर एक फिलिपिनो ऑइलर, म्हणजे इंजिनाचं तेलपाणी पाहणारा खलाशी होता, तिशीतला, कामाला वाघ आणि स्वभावाने अबोल. हीटरचा एक जॉइंट गळत होता. नट आवळताना त्याचा स्पॅनर सटकला आणि मनगट स्टीमच्या पाइपवर, नेमकं लॅगिंग, म्हणजे वरचं उष्णतारोधक वेष्टण, निघालेल्या जागी टेकलं. तो ओरडला. त्याचा हात धरून नळाखाली नेईपर्यंत माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, हा "आई गं" कसा म्हणाला?

तो "आगाय" म्हणाला होता. संध्याकाळी मेसमध्ये फिटरने मला उलगडून सांगितलं. तो मनिलाच्या बाजूच्या बटांगासचा, तिथे टागालोग भाषा बोलतात. "आम्ही टागालोगवाले 'अराय' म्हणतो, सेकंड. 'आगाय' ऐकलं की समजायचं, माणूस विसायाचा, मधल्या बेटांवरचा." ऑइलर मनगटाला मलम लावून शेजारीच बसला होता. घरी कुठली भाषा बोलतोस, असं मी त्याला विचारलं. "इलोंगो," तो म्हणाला, आणि लगेच आवाज खाली आणून, "ओन्ली डायलेक्ट, सेकंड. नॉट लँग्वेज."

ते "ओन्ली डायलेक्ट" मला लागलं. मी मालवणजवळच्या एका खेड्यातला. पाचवीला मुंबईत आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात फळ्यासमोर उभा राहून "बाई, माका येणा नाय" म्हणालो होतो. वर्ग हसला, बाईही हसल्या आणि म्हणाल्या, "शुद्ध बोल." त्या दिवसापासून मी माझी भाषा घरी ठेवून शाळेत जाऊ लागलो. मोठा झाल्यावर कुणी विचारलं की मीही म्हणायचो, "आमची भाषा म्हणजे काय, बोली आहे नुसती." पॅसिफिकच्या मध्यावर एक परका माणूस माझंच वाक्य मला ऐकवत होता.

पुढचे पाच महिने मी त्या मेसमध्ये शिकत बसलो. एकवीस माणसांत आम्ही चार भारतीय, बाकी सगळे फिलिपिनो. जहाजावर जन्म काढलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही, जगातल्या कुठल्याही बंदरात जा, गँगवेवर उभा असलेला माणूस बहुधा फिलिपिनोच असतो. आपण त्यांना एकाच नावाने ओळखतो आणि त्यांची भाषाही एकच असेल असं धरून चालतो. तो देश ७,६४१ बेटांचा आहे आणि तिथल्या भाषा शंभराच्या कितीतरी पुढे जातात. २०२० च्या जनगणनेत घरात टागालोग बोलणारी कुटुंबं सुमारे ४० टक्के निघाली. माझ्या ऑइलरची इलोंगो, पुस्तकी नाव हिलिगायनोन, १९ लाखांहून जास्त घरांत बोलली जाते. टागालोग माणसाला ती शिकल्याशिवाय कळत नाही. ही "नुसती बोली".

हा शब्द त्यांच्या तोंडी एका दिवसात बसलेला नाही. स्पॅनिश लोक तिथे १५६५ पासून १८९८ पर्यंत होते, पण स्पॅनिश घरोघरी पोचली नाही. पाद्र्यांनी उलट गावच्या भाषा शिकून घेतल्या आणि धर्म त्यांतून सांगितला. इंग्रजी आली ती जहाजाने. अमेरिकेचं 'थॉमस' नावाचं लष्करी जहाज ऑगस्ट १९०१ मध्ये मनिलाला लागलं, त्यात सुमारे पाचशे शिक्षक होते. आम्ही कोळसा नेतो तसं एक जहाज भाषा घेऊन आलं, हे मला कितीदा तरी आठवतं. मग ३० डिसेंबर १९३७ रोजी राष्ट्राध्यक्ष मानुएल केझॉन यांनी टागालोगच्या पायावर राष्ट्रभाषा उभी राहील असं जाहीर केलं. ज्या संस्थेने तशी शिफारस केली तिचे प्रमुख हाइमे दे व्हेइरा लेते बेटावरचे, म्हणजे स्वतः टागालोग नव्हते. नव्या देशाला एक सामायिक भाषा हवी होती आणि ती मागण्यात काही गैर नव्हतं असं मलाही वाटतं. १९८७ च्या राज्यघटनेत फिलिपिनो ही राष्ट्रभाषा, इंग्रजी तिच्या जोडीला राजभाषा, आणि बाकीच्या भाषा आपापल्या प्रदेशात "साहाय्यक" अशी मांडणी झाली. कायद्याच्या कागदावर साहाय्यक म्हणजे काय ते वकील सांगतील. शाळेत त्याचा अर्थ काय झाला ते आमच्या थर्ड मेटने सांगितलं. तो सेबू बेटावरचा. त्याच्या वर्गात सेबुआनो शब्द तोंडून गेला की एक पेसो दंड असे. डबा उघडला की मुलं गप्प बसत, कारण जेवताना घरचाच शब्द तोंडातून निसटतो.

जेवताना. मला त्या भाषांचं दार उघडलं ते जेवणाच्याच टेबलावर.

ऑइलर ताट घेऊन बसला की समोरून जाणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचा, "काओन ता." खाऊ या. पहिले काही दिवस मला ती निव्वळ रीत वाटली, आपण "या जेवायला" म्हणतो तशी. मग एकदा त्याला विचारलं की यातला "ता" म्हणजे काय. त्याने बोट आधी स्वतःकडे केलं, मग माझ्याकडे, आणि हवेत एक गोल काढला. "तू पण." मग दुसरा शब्द सांगितला, "कामी." या वेळी बोट स्वतःकडे, फिटरकडे आणि कुककडे गेलं, मला वगळून.

मी टेबलावर हात आपटला. आपण आणि आम्ही! हिंदीवाल्या चीफ इंजिनिअरला मी हे समजावायला गेलो तर त्याच्या "हम"मध्ये दोन्ही एकत्र. इंग्रजीच्या "वी"मध्येही एकत्र. "आपण जाऊ" आणि "आम्ही जाऊ" यांतला फरक मराठी माणसाला दोन वर्षांचा असल्यापासून कळतो. "आम्ही जाऊ" ऐकलं की मूल रडायला लागतं. तोच फरक विसायाच्या बेटांवर "किता" आणि "कामी"मध्ये आहे, आणि किताचं बोलण्यातलं छोटं रूप "ता". त्या टेबलावर चारही भारतीयांत एकट्या मलाच तो शब्द आतून कळला. त्या दिवसापासून ऑइलर मला "सेकंड" म्हणायचा ते फक्त वॉचवर, म्हणजे ड्यूटीवर असताना. टेबलावर "नोंग" म्हणू लागला. नोंग म्हणजे थोरला भाऊ, आपला दादा.

असे शब्द मग रोज मिळू लागले. इलोंगो बोलण्याला एक लांबवलेला हेल आहे. बाकीचे फिलिपिनो म्हणतात की इलोंगो माणूस भांडला तरी लाडात बोलतोय असं वाटतं. मालवणी हेलाबद्दलही लोक काय काय म्हणतात ते मी लहानपणापासून ऐकलंय, म्हणून मला त्या हेलाची आधीच माया वाटली. वाटेत भेटलेल्या माणसाला ते विचारतात, "दिइन का माकादतो?" कुठे चाललास? उत्तर नकोच असतं. आमच्याकडे "खंय चल्लंस?" विचारणाऱ्यालाही उत्तर नको असतं.

"लांगगाम" या शब्दावरून फिटर आणि थर्ड मेट यांची गंमत चालायची. टागालोगमध्ये लांगगाम म्हणजे मुंगी, सेबुआनोत पक्षी. पण मला त्याहून मोठा वाटला तो "हुबाद". टागालोगमध्ये हुबाद म्हणजे उघडा, अंगावर कपडा नसलेला. सेबुआनोत हुबाद म्हणजे गाठ सोडणं, आणि भाषांतर करणं सुद्धा. एका भाषेतून दुसरीत नेणं म्हणजे गाठ सोडवणं! आपल्याकडे भाषांतर, अनुवाद हे शब्द आहेत, पंडितांनी दिलेले, जड. खलाशाच्या तोंडी शोभेल असा हा एक शब्द. दोराला मारलेली गाठ कशी सोडवायची हे जहाजावर सगळ्यांना येतं: ओढायची नाही, आधी सैल करायची, मग टोक शोधायचं. मी आजही कुणाला काही समजावून सांगताना मनात "हुबाद" म्हणतो.

कुक लेतेचा होता, ताक्लोबानजवळचा. त्याची भाषा वाराय, आणि त्या भाषेत वाराय या शब्दाचाच अर्थ "नाही". जेवण चांगलं झालं की सगळे आपापल्या भाषेत दाद देत. फिटर म्हणे "मासाराप", ऑइलर "नामित गिद", थर्ड मेट "लामी", मोटरमन उत्तरेकडचा इलोकानो होता तो "नाइमास". कुक स्वतः म्हणायचा "मारासा". हा शब्द ऐकून मी दचकलो, कारण त्यात आपला रस आहे. टागालोगमध्ये चवीला "लासा" म्हणतात, तोही रसच. त्यांचा गुरो म्हणजे गुरू, मुखा म्हणजे चेहरा, साक्सी म्हणजे साक्षी, आणि दुखा म्हणजे गरीब. दुःखाचा अर्थ त्यांनी गरिबी ठरवला, यावर मी पुष्कळ विचार केला.

त्याच कुकने एका रात्री वादळाचं सांगितलं. ८ नोव्हेंबर २०१३. योलांडा, जगाला हैयान म्हणून माहीत असलेलं. त्या वेळी तो ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ जहाजावर होता आणि दहा दिवस घरचा फोन लागला नाही. त्याचे जवळचे दोघे गेले. त्या वादळात देशभरात सहा हजारांहून जास्त माणसं गेली, त्यांतली कितीतरी ताक्लोबान आणि आसपासची. इशारा दिला नव्हता असं नाही. रेडिओवर, टीव्हीवर आधीपासून सांगत होते, "स्टॉर्म सर्ज" येणार. पण स्टॉर्म सर्ज म्हणजे काय हे किनाऱ्यावरच्या पुष्कळ लोकांना कळलंच नाही. वादळ म्हणजे वारा आणि पाऊस, तो त्यांनी दरसाल पाहिलेला. समुद्र भिंतीसारखा उठून घरात येणार आहे हे त्या दोन शब्दांत त्यांना दिसलं नाही. नंतर खूप चर्चा झाली. त्सुनामी म्हटलं असतं तरी लोक पळाले असते, असं कितीतरी वाचलेल्यांनी सांगितलं. कुक कांदा चिरत होता. म्हणाला, "माझ्या आईला कुणी वारायमध्ये सांगितलं असतं ना, की समुद्र दारात येईल, तर ती टेकडीवर गेली असती. ती हुशार होती." एवढं बोलून त्याने कांदा कढईत टाकला.

तेव्हापासून भाषेविषयी कुणी "हा भावनेचा प्रश्न आहे" असं म्हणालं की मला राग येतो.

मी साइन ऑफ झालो, जहाजावरून उतरलो. पण ऑइलरशी मेसेज चालू राहिले. २०२५ च्या जूनमध्ये एका ट्रेनिंगसाठी मनिलाला जायचा योग आला तेव्हा त्याने चार दिवस काढायला लावले. इलोइलोचं, म्हणजे त्याच्या इलोंगो मुलखातल्या शहराचं, विमान दुसऱ्या सकाळी होतं, म्हणून मधल्या वेळात मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेलो, एक ताम्रपट पाहायला. लागुना प्रांतातला, गेल्या शतकाच्या अखेरीला सापडलेला, काळपट आणि कागदाएवढा. लिपी कावी, भाषा जुनी मलय आणि भरपूर संस्कृत. कुणाचं तरी कर्ज फिटलं, त्याची आणि त्याच्या वंशजांची सुटका झाली, याची पावती. सुरुवातीला तारीख आहे: शके ८२२, वैशाख, कृष्णपक्ष चतुर्थी, सोमवार. इसवी सन ९००. माझ्या आज्याच्या पंचांगात तारीख जशी लिहिलेली असायची तशी, शब्दाला शब्द. काचेपाशी मी बराच वेळ उभा होतो. इतक्या जुन्या काळी या बेटांवर कुणीतरी बसून सोमवार लिहिला. कुणी दंड केला नाही.

इलोइलोला ऑइलर घ्यायला आला होता. आता तो थर्ड इंजिनिअर झालाय. ला पाझच्या बाजारात आम्ही वाफाळती बाचोय, म्हणजे नूडल्सचं सूप, प्यायलो आणि जीपनीने, म्हणजे तिथल्या प्रवासी जीपने, त्याच्या आईच्या गावी, मियागाओला निघालो. गाव चाळीसेक किलोमीटरवर. तिथलं चर्च १७९७ चं, जागतिक वारसा. दर्शनी भिंतीवर संत क्रिस्टोफर बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडतोय आणि आधाराला त्याने धरलाय माड. पपई आणि पेरूही कोरलेत. युरोपातला संत, पण झाडं गावची. मला तो आमच्याकडच्या मच्छीमारांच्या गाबीत वाड्यातलाच कुणीतरी वाटला.

वाटेत त्याने एक गोष्ट सांगितली, जी जहाजावर कधी सांगितली नव्हती. इलोंगो ही त्याची पहिली भाषा नाहीच. मियागाओत बोलतात ती किनाराय-आ, "इराया"ची म्हणजे नदीच्या वरच्या अंगाची, डोंगराकडची भाषा. शहरात मेरिटाइम कॉलेजला आला तेव्हा इलोंगो पोरं त्याच्या उच्चारांना हसली. खेडवळ म्हणाली. मग त्याने किनाराय-आ घरी ठेवली. मनिलात एजंटांच्या दारात उभं राहायची वेळ आली तेव्हा इलोंगो हेल लपवून टागालोग बोलायला शिकला. जहाजावर आला तेव्हा इंग्रजी. प्रत्येक पायरीवर वरचा माणूस हसला आणि प्रत्येक पायरीवर त्याने काहीतरी खाली ठेवलं. मला तो "ओन्ली डायलेक्ट" म्हणाला तेव्हा दोन पायऱ्या खालची भाषा तर त्याने मोजलीच नव्हती.

मध्यंतरी वारं फिरल्यासारखं वाटलं होतं. २०१२ पासून पहिल्या इयत्तांत आईच्या भाषेतून शिकवायचं धोरण सुरू झालं, बारा भाषांत, आणि २०१३ मध्ये आणखी सात घेतल्या. त्या सातांत किनाराय-आ होती. त्याच्या पुतण्याच्या हाती किनाराय-आचा छापील पाठ आला तेव्हा आजीने तो स्वयंपाकघरात मोठ्याने वाचला म्हणे. मग अडचणी पुढे आल्या, आणि त्या खोट्या नव्हत्या. पुस्तकं पुरेशी नव्हती, शिक्षकांचं प्रशिक्षण अपुरं होतं, शहरांत एका वर्गात चार भाषांची मुलं, आणि आईबापांना घाई इंग्रजीची. ऑक्टोबर २०२४ मध्ये नवा कायदा झाला. माध्यम पुन्हा फिलिपिनो आणि इंग्रजी. आईची भाषा सक्तीची उरली नाही, सगळी मुलं एकाच भाषेची असतील त्या वर्गात हवी तर वापरावी. रोप धरत नाही म्हणून पाणी वाढवायचं की रोपच उपटायचं? बारा वर्षं म्हणजे माड कुठे पुरता भराला येऊ लागतो तेवढा काळ. मला हा निर्णय चुकीचा वाटतो, आणि परका असलो तरी तसं म्हणायचा हक्क मला त्या फळ्याने दिलाय.

त्याची आई दारातच उभी होती. लहानशी, पाठीत वाकलेली, हातात झाडू. तिने मला एक लांबलचक वाक्य ऐकवलं. ऑइलरने गाठ सोडली: "विचारतेय, हाताला भाजलं तेव्हा पाणी तूच घातलंस का." तिच्या बोलण्यात मला एक स्वर सारखा ऐकू येत होता, आपल्या "अ"च्या अगदी जवळचा. इलोंगोत तो राहिलेला नाही. ते "काओन" म्हणतात, ती "काअन" म्हणते. ऑइलरच्या इलोइलोत वाढलेल्या बायकोला तो स्वर काढायला जमत नाही. मी पहिल्या झटक्यात काढला, कारण माझी बाराखडीच तिथून सुरू होते. म्हातारी खूश झाली आणि तिने माझ्या ताटात आणखी एक मासा वाढला.

दुपारी आभाळ भरून आलं. पत्र्यावर पहिले थेंब वाजले तशी ती खिडकीपाशी जाऊन म्हणाली, "उरान." सून आतून कपडे काढायला धावताना म्हणाली, "उलान!" सात वर्षांची नात मोबाइलवरून मान न उचलता म्हणाली, "रेन."

आजी माझ्याकडे वळली. तिने काय विचारलं ते या वेळी मला गाठ न सोडवताच कळलं. मी "पाऊस" म्हणायला तोंड उघडलं.

"पावस," मी म्हणालो.

"पावस," तिने दोनदा म्हणून पाहिलं. मग नातीच्या हातातला मोबाइल काढून घेतला, तिला खिडकीशी उभं केलं आणि तिच्याकडून आधी "उरान" म्हणवून घेतलं, मग "पावस".